मोकळंच तर बसलंय

रात्रीचा एक वाजून गेला होता. मी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी आणि आई मागच्या दारात पायरीवर, नळाच्या तोंडाला हिरवा पाईप लावून. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार हे साधारण कळतं, किती वाजता येणार हे विचारायचं नसतं. बोअरच्या मोटारीचं बटण, प्लॅस्टिकचे दोन ड्रम, तांब्याची घागर, सगळं जागच्या जागी होतं. मी स्क्रीनवरून मान न काढता विचारलं, "काय करायलीस गं?" ती म्हणाली, "काई नाही. बसलेय नुसती." एवढंच. मी "हं" केलं आणि पुन्हा टाईप करू लागलो. पण ते वाक्य नंतर दोन-तीन दिवस चपलेत खडा असावा तसं टोचत राहिलं. कारण त्याच आठवड्यात लातूरच्या एका अडत दुकानातल्या मुनीमकाकांनी मला फोनवर जवळजवळ हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि त्याच्या आधी तीन आठवडे मी हेच त्यांच्या मशीनबद्दल म्हणत होतो. मोकळंच तर बसलंय.

या दुकानाचा सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हर म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका. गादीच्या मागे, लक्ष्मीच्या फोटोखाली, लाकडी स्टुलावर ठेवलेला काळा टॉवर. चार कोर, एकच हार्डडिस्क, वर उबुंटू, म्हणजे लिनक्सच. पुढच्या जाळीवर तुरीच्या भुशाची पिवळट साय धरलेली असते. वर्षातून एकदा मी जातो तेव्हा ब्रशने झाडतो, आणि मग दिवसभर माझ्या शिंकांना हमाल हसतात. यार्डात सोयाबीनची आवक वाढली की या डब्याचे दिवस भरतात. सकाळपासून काट्यावरची वजनं येत राहतात आणि संध्याकाळी पट्ट्या निघतात. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा दिवसाचा शेवटचा कागद. कट्टे किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती. ती निघाल्याशिवाय रोकड नाही आणि रोकड घेतल्याशिवाय माणूस गावाकडे तोंड करत नाही.

दिवाळीनंतर मुनीमकाकांचा फोन आला. "सर, सायंकाळचं अडकायलंय. पट्टीचं बटन दाबलं की गोल फिरायलंय नुसतं." मी म्हटलं बघतो. माझं बघणं म्हणजे जेवणबिवण आटोपून दहाच्या पुढे लॉगिन करणं. टॉप चालवलं, म्हणजे मशीन या घडीला काय करतंय ते दाखवणारा प्रोग्रॅम. सगळं गार. प्रोसेसर ९७ टक्के रिकामा, मेमरी भरपूर, एकही प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, वर डोकं काढत नव्हती. स्क्रीनशॉट काढून मालकांच्या मुलाला पाठवला आणि खाली लिहिलं, "मशीन मोकळंच बसलंय. तुमच्या कॉम्प्युटरचं किंवा वायरचं काहीतरी असेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा दहानंतर लॉगिन, पुन्हा गार. तिसऱ्यांदा माझा सूर जरा चढलाच असेल. आपल्या धंद्यात आकडा हातात असला की आवाज आपोआप वाढतो. मुनीमकाका थोडं थांबून म्हणाले, "बरं सर. आम्ही काय, बसून तर असताव." आणि मग सहज, तक्रारीच्या सुरात अजिबात नाही, पुढे म्हणाले, "काल एका माणसाची शेवटची एष्टी गेली. कट्ट्यावरच झोपला बिचारा."

तो कट्ट्यावर झोपलेला माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही.

म्हणून त्या रात्री मी ॲटॉप टाकायला बसलो होतो. ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. टॉप हे खिडकीतून बघण्यासारखं आहे. तुम्ही डोळा लावाल तेव्हा जे रस्त्यावर असेल ते दिसेल. एचटॉप म्हणजे तीच खिडकी जरा रंगवलेली. ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी २००४ च्या सुमारास ती बनवली, आणि मला तिच्या त्या हिरव्या-निळ्या पट्ट्या फार आवडतात, तास तास बघत बसलो आहे. पण खिडकी ती खिडकी. आठ वाजता गल्लीत काय दंगा झाला हे दहा वाजता उघडलेल्या खिडकीतून दिसत नाही. ॲटॉपचं तसं नाही. ते बसवलं की मागे एक सेवा सुरू होते आणि ती मुकाट्याने लिहीत राहते. दर १० मिनिटांनी प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क, आणि कोणत्या प्रोसेसनं किती खाल्लं. दोन नोंदींच्या मधल्या वेळात येऊन, काम करून, मरून गेलेल्या प्रोसेसही ते टोकदार कंसात नोंदवून ठेवतं. हे मला तेव्हाही आणि आताही फार माणुसकीचं वाटतं. प्रत्येक दिवसाची एक फाईल, २८ दिवस जपून ठेवायची. सकाळी उठून कालची फाईल उघडायची आणि टी दाबत दाबत काल पुन्हा बघायचा.

बसवणं एका ओळीचं. सुडो ॲप्ट इन्स्टॉल ॲटॉप. दुकानाचं नेट रात्री बरं असतं, तरी त्या जुन्या मशीनला पॅकेजांच्या याद्या वाचायला वेळ लागला. मी डीफॉल्ट सेटिंगच्या फाईलमध्ये जाऊन ६०० सेकंदांचे ६० केले, म्हणजे दर मिनिटाला नोंद. सेवा पुन्हा सुरू केली, चालू आहे का पाहिलं, आणि आता उद्या संध्याकाळपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हाच मी आईला विचारलं होतं काय करायलीस म्हणून.

पाईपातून तोवर नुसती हवा येत होती. पाणी यायच्या आधी नळ एक लांब, कोरडा सुस्कारा टाकतो, मग दोनदा खोकतो, मग गढूळ पिचकारी, मग धार. हा क्रम आईला झोपेतही ओळखू येतो. पण सुस्कारा आला म्हणजे पाणी येईलच असं नाही. कधी कधी नळ नुसताच सुस्कारे टाकून गप्प होतो. म्हणून उठून जाता येत नाही, आडवं होता येत नाही, आणि हातात दुसरं काम धरलं तर कान तिकडे राहत नाही. मी दोनदा म्हणालो, "झोप ना तू, मी जागा आहे, बघतो." ती हूं म्हणाली आणि तिथेच राहिली.

माझे वडील असेच बसायचे. आमचं गाव औसा तालुक्यात. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात ते जेवून साडेनऊला घोंगडं, बॅटरी आणि तंबाखूची पिशवी घेऊन विहिरीवर जायचे. लाईट कागदोपत्री दहा तास असायची. प्रत्यक्षात ती यायची, अर्ध्या तासानं जायची, पुन्हा यायची. लोकांनी ऑटो स्विच बसवले होते, लाईट आली की मोटार आपोआप उचलायची. वडिलांना ते पटायचं नाही. लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की फ्यूज उडतो आणि मग कुणालाच पाणी नाही. हे खरंच होतं, आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. म्हणून ते स्टार्टरच्या पेटीशी बसून राहायचे आणि लाईट आली की जरा थांबून, बाकीच्यांच्या मोटारी उचलल्यावर, आपलं बटण दाबायचे. मी सहावी-सातवीत असताना शाळेत कुणीतरी विचारलं होतं, तुझे वडील रात्री शेतात काय करतात. मी म्हटलं होतं, झोपतात. मला खरोखर तसंच वाटायचं. सकाळी ते घरी येऊन दुपारपर्यंत झोपले की आजी कुणालातरी सांगताना ऐकलं होतं, "रातभर बसून तर राह्यचं असतंय, तेवढ्यानं कसलं दमतंय माणूस."

त्यांची एक डायरी होती. खताच्या दुकानात फुकट मिळालेली, लाल रेक्झिनची. ते गेल्यावर पेटीत सापडली. तिच्यात विचार नाहीत, मनातलं काही नाही. फक्त असं आहे. "१०.४० आली. ११.०५ गेली. २.१५ आली. ४.५० गेली. ऊस निम्मा." पानामागून पान. मी ती पहिल्यांदा चाळली तेव्हा थोडा निराशच झालो होतो. मेलेल्या माणसाच्या डायरीत आपण आपलं नाव शोधतो. माझं नाव एकदाच आहे, "पोराची फी ३४०", तेही लाईट गेल्याच्या नोंदीखाली.

दुसऱ्या दिवशी रात्री मी दुकानाची फाईल उघडली. टी, टी, टी. सहा वाजले, सात वाजले, सगळं हिरवंगार. ८ वाजून ४ मिनिटांनंतर डिस्कची ओळ लाल झाली. शंभर टक्के व्यग्र. एरवी काही मिलिसेकंदांत होणाऱ्या एकेका वाचन-लेखनाला ६०-७० मिलिसेकंद. आणि प्रोसेसरच्या ओळीत जे दिसलं त्यावर मी बराच वेळ थांबलो. चार कोरचे मिळून ४०० टक्के. त्यात प्रत्यक्ष काम १४, रिकामे १२०, आणि प्रतीक्षेत २६६. गंमत अशी, की ही प्रतीक्षा हिशोबात रिकाम्या वेळेचाच एक प्रकार असते. प्रोसेसर खरंच काही करत नसतो. त्याच्याकडे देण्यासारखं काम ज्यांच्यापाशी आहे ते सगळे डिस्कच्या दारात उभे असतात, म्हणून तो मोकळा. मी आठ वाजता टॉप लावलं असतं आणि नुसतं 'किती टक्के वापर' एवढंच बघितलं असतं, तरी छातीठोकपणे म्हटलं असतं, मशीन मोकळंच बसलंय.

लोड, म्हणजे एका वेळी सरासरी किती प्रोसेस कामात किंवा रांगेत आहेत तो आकडा, मात्र ९ दाखवत होता. चार कोरच्या यंत्रावर नऊ.

हे लोडचं प्रकरण मला आधीपासून माहीत होतं, म्हणजे मुलाखतीत विचारतात म्हणून पाठ होतं. लिनक्सच्या भाऊबंदांत, म्हणजे इतर युनिक्समध्ये, लोड मोजताना जे काम करतायत आणि जे प्रोसेसरच्या रांगेत आहेत तेवढेच धरण्याची रीत. लिनक्समध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्यांनाही धरतात. त्या अवस्थेचं अक्षर डी. २९ ऑक्टोबर १९९३ ला एका प्रोग्रॅमरनं ही दुरुस्ती लिनक्सवाल्यांच्या ईमेल यादीवर पाठवली होती. त्याचं म्हणणं साधं होतं. डिस्क हळू झाली की सगळं मशीन रखडतं, आणि तुमचा लोडचा आकडा उलटा खाली जातो, हे कसलं मोजमाप? लातूरकराला १९९३ म्हटलं की दुसरं काही आठवत नाही. ३० सप्टेंबरची ती पहाट, आणि मग तो सबंध ऑक्टोबर. आमचं घर पडलं नव्हतं, भिंतींना भेगा होत्या. अंगणात ताडपत्रीखाली झोपायचो. तलाठी पंचनाम्याला येणार म्हणून आई भेगा लिंपत नव्हती आणि घर सोडून कुठे जातही नव्हती. तो येईपर्यंत काहीच करायचं नव्हतं. तिकडे जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात त्याच महिन्यात कुणीतरी वाट बघणाऱ्यांना मोजा म्हणत होता. यात काही संबंध नाही, मला माहीत आहे. पण तारीख वाचल्यावर मी उठून पाणी पिऊन आलो.

डी अवस्थेची आणखी एक खोड. त्या प्रोसेसला सहसा मारताही येत नाही. किल मायनस नाईन द्या, ढिम्म हलत नाही. तिचं उत्तर डिस्ककडून येईपर्यंत ती कुणाचं ऐकत नाही. आईला "झोप आता" म्हणणं साधारण याच जातीचं आहे.

चोर सापडला तो अगदी क्षुल्लक. कॅमेरे बसवणाऱ्या पोरानं महिन्याभरापूर्वी रेकॉर्डरची मेमरी पुरेना म्हणून नेटवर्कवर शोधलं, तिथे या सर्व्हरवर भरपूर जागा दिसली, आणि त्यानं रोज रात्री आठला दिवसभराचं चित्रण इकडे ओतायचं लावून दिलं. कुणाला विचारलं नाही, पण लपवलंही नव्हतं. मालकाच्या मुलाला म्हणे सांगितलं होतं. म्हणजे काट्यावर, गादीवर, कट्ट्यांवर दिवसभर जे जे घडलं ते सगळं डिस्कवर चढत असताना त्याच डिस्कच्या दारात त्याच माणसांच्या पट्ट्या ताटकळत होत्या. मी ती वेळ पहाटे तीनची केली आणि पुढच्या आठवड्यात एक वेगळी डिस्क जोडून दिली. काम संपलं. ज्यासाठी तीन आठवडे आवाज चढवला ते आवरायला वीस मिनिटं लागली नाहीत.

मुनीमकाकांना फोन केला. सांगायचं होतं की तुमचंच बरोबर होतं, पण ते असं सरळ सांगता येत नाही, म्हणून मी तांत्रिक सुरात सुरुवात केली. "काका, रोज ८ वाजून ४-५ मिनिटांनी सुरू व्हायचं आणि सव्वानऊच्या आसपास..." ते मध्येच म्हणाले, "९ वाजून १२ मिनिटं. शनिवारी साडेनऊ. शनिवारी जास्ती असतंय." मी विचारलं तुम्हाला कसं माहीत. "लिहून ठेवलंय की. जुन्या पट्टीच्या पाठीमागं. रोज लिवायलो. अडकलं कवा, सुटलं कवा. तुमाला सांगितलतं मी पहिल्याच फोनला, तुम्ही म्हणलाव मशीन मोकळं हाय." त्यांना राग नव्हता. ते नुसती माहिती देत होते. मी माझी फाईल उघडून बघितली. ८.०४ ते ९.१२. शनिवारी ९.३१.

मला तो पहिला फोन आठवतो. त्यांनी वेळा सांगितल्या होत्या. मी तेव्हा स्पीकरवर टाकून दुसरंच काहीतरी करत होतो.

त्या रात्री वडिलांची डायरी काढली. ११.०५ गेली, २.१५ आली. मी आजवर या दोन नोंदी वाचत आलो होतो, मधली वजाबाकी कधी केली नव्हती. तीन तास दहा मिनिटं. पुढच्या रात्री दोन तास पंचवीस. त्याच्या पुढे, "लाईट नाही", म्हणजे अख्खी रात्र. पेन्सिल घेऊन एका रब्बीची बेरीज करायला बसलो आणि दोन पानांनंतर थांबलो. मोटार चाललेले तास मात्र त्यांनी प्रत्येक महिन्याच्या शेवटी स्वतः बेरीज करून खाली रेघ मारून लिहिले आहेत. बिल त्याचंच यायचं.

आणि २०१६. आम्ही तेव्हा लातुरात भाड्याने राहत होतो. मांजरा आटली होती. मार्चमध्ये टाक्यांच्या आसपास जमावबंदी, १४४ कलम, पाण्यासाठी. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. तिचे फोटो देशभर गेले, मीही स्टेशनवर जाऊन आलो. आमच्या गल्लीत टँकरच्या जागेवर घागरींची रांग असायची. घागर नसेल तर फुटकी बादली, तीही नसेल तर वीट, एकदा तर एकाच पायाची चप्पल, की हा माझा नंबर. सगळ्यांनी मानायची. उन्हात तापलेल्या त्या भांड्यांना हात लागला की चटका बसायचा. बायका समोरच्या ओट्यावर सावली धरून बसलेल्या असायच्या. किती लिटर आले आणि किती वाटले याचे आकडे रोज पेपरात यायचे. मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की आईला विचारायचो, "आज काय केलंस?" ती काय सांगायची हे आता लिहायला नको.

परवा मुनीमकाकांचा फोन होता, वेगळ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाले, "आता साडेआठला घरी असतो सर. बायको म्हनायली, कामून एवढ्या लवकर आलाव, दुकान सोडलं का काय." आम्ही दोघेही हसलो. मग मी विचारलं, ती वेळांची चिठ्ठी आहे का हो अजून, तेवढा फोटो काढून पाठवता का. ते गोंधळले. "ती कशाला? ती गेली की. परवा एका पोराला पुड्या बांधायला दिली." ॲटॉपच्या त्या दिवसांच्या फाइल्सही आता गेल्या आहेत. २८ दिवस केव्हाच झाले.

काल आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. एक वाजता जाग आली तर आई पायरीवर. मी स्वयंपाकघरातला पाट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसलो. लॅपटॉप नेला नाही, फोनही आत. गारठा होता, बोअरच्या पाईपाला हात लावला तर बर्फ. ती म्हणाली, "तू कामून उठलास? जा, झोप." मी म्हटलं, "बसतो." थोड्या वेळानं नळानं सुस्कारा टाकला. दोघांनीही कान टवकारले. तो थांबला. कुठेतरी दोन गल्ल्यांपलीकडे कुणाचीतरी मोटार सुरू झाली, आणि आई म्हणाली, "तिकडं आलंय. अजून अर्धा तास."